शिवत शिवत आरमोरीपर्यंत

चालत्या गाडीत सुई चालते का, हे मला सगळेच विचारतात. चालते, पण सगळ्या रस्त्यांवर नाही. उमरेडहून भिवापूरकडे सरळ, सपाट रस्ता लागला की धावदोरा अगदी एकसारखा पडतो. जंगलातली वळणं आली, किंवा रस्त्याचं काम सुरू असलं, की सुई पिनकुशनात टोचायची आणि खिडकीबाहेर बघायचं. पुढच्या सीटवर मी शिवत नाही. गाडी अचानक थांबली, एअरबॅग उघडली, तर हातातली सुई कुठे घुसेल याचा नेम नाही. माझी जागा मागे, डाव्या खिडकीशी, पट्टा लावून. कात्री बोथट टोकाची. निघण्याआधीच दहाबारा सुयांमध्ये दोरे ओवून एका जाड कापडाच्या पट्टीवर लावून ठेवते, कारण शिवणं जमतं पण हलत्या गाडीत सुई ओवणं जमत नाही. खाली पडलेली सुई शोधायला एक लोहचुंबक डब्यात असतोच.

गोधडी शिवायची आणि तिचा वरचा थर वाटेवर मिळेल त्यातूनच तयार करायचा, असं फाल्गुनात ठरलं. गाडी चालवायला हे, सोबत माझी मावशी. मावशीचं आयुष्य वर्ध्यात गेलं. हाताला शिवणाची सवय, आणि कोणाच्याही ओसरीवर पाच मिनिटांत घरच्यासारखं बसायची कला. वाट ठरली ती अशी: वर्धा, बुटीबोरी, उमरेड, भिवापूर, पवनी, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली, मूल, चंद्रपूर, भद्रावती, वरोडा आणि जामवरून परत वर्धा. बघायची ठिकाणं यादीत नव्हतीच. यादी होती ती जिन्नसांची: खादी, पळस, कोसा म्हणजे टसर रेशीम, आणि बांबू. जिन्नस ज्या गावात, मुक्काम त्या गावाच्या आसपास.

खालचा थर आईच्या जुन्या सुती पातळाचा. वरच्या थरासाठी वर्ध्याच्या मगन संग्रहालयातून हातकताईची कोरी खादी आणली. हे संग्रहालय गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये सुरू झालं, मगनलाल गांधींच्या नावाने. खादी, नैसर्गिक रंग, ग्रामोद्योगाची अवजारं हे सगळं तिथे अजून कामात दिसतं, आणि वर्ध्याच्या माणसाला ते इतकं जवळ आहे की कित्येकजण आत गेलेलेच नसतात. सेवाग्रामला बापूकुटीपाशी मावशीने थोडा वेळ बसायचं म्हटलं. १९३६ मध्ये गांधीजी इथे राहायला आले तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं. मावशीच्या लहानपणी घरोघरी टकळी होती. तिने तिथे मला तुटलेला सूतधागा थुंकी न लावता, नुसत्या बोटांच्या पिळाने कसा जोडायचा ते दाखवलं. गोधडीच्या कामात ते पुढे फार उपयोगी पडलं.

रंगाची अर्धी तयारी घरीच करून निघावं लागतं. कोऱ्या सुती कापडात खळ आणि तेलकटपणा असतो. तो सोडा घालून उकळून काढला नाही तर रंग डागाडागांनी बसतो. मग हिरड्याच्या पुडीच्या पाण्यात कापड रात्रभर. कापड शंभर ग्रॅम असेल तर हिरडा वीस ग्रॅमच्या आसपास. सावलीत वाळवून पुढे तुरटीच्या कोमट पाण्यात, शंभरला पंधरा ग्रॅम तुरटी. सूत रेशमासारखं रंगाला पटकन धरत नाही, म्हणून हा खटाटोप. असे तयार केलेले तुकडे वाळवून, घडी करून डब्यात ठेवले की बरेच दिवस टिकतात, आणि वाटेवर फक्त फूल आणि पाणी लागतं. शिवाय एक बाटली लोखंडाच्या पाण्याची: गंजलेले खिळे, गूळ, पाणी, दोनतीन आठवडे मुरवलेलं. तिचा वास वाईट असतो. ती गाडीत दोन पिशव्यांत बांधूनच ठेवावी.

उमरेड सोडलं आणि पळस सुरू झाला. फाल्गुनात इकडचं रान पानं टाकून मोकळं झालेलं असतं आणि त्यात पळस पेटलेला. झाडावरचं फूल आम्ही तोडलं नाही. झाडाखाली सकाळी सडा असतो, तोच पुरे होतो. वाळलेलं फूलही चालतं, फक्त जास्त लागतं. कापडाच्या वजनाइतकं किंवा दुप्पट ताजं फूल, देठाचा काळा भाग काढून, पातेल्यात घ्यायचं. पाण्याला उकळी फुटू द्यायची नाही. वाफ धरली की आच कमी करायची आणि तासभर तसंच ठेवायचं. जोरात उकळलं की पिवळ्याचा तजेला जातो.

पण चूल दरवेळी मिळत नाही. मग बरणी. मोठ्या तोंडाच्या काचेच्या बरणीत फुलं, पाणी आणि कापडाचा तुकडा कोंबून ती मागच्या काचेखाली ठेवायची. विदर्भाचं ऊन असतंच. बंद गाडी उन्हात उभी राहिली की बरणीतलं पाणी हात लाववणार नाही इतकं तापतं, आणि दोन दिवसांत चुलीवरच्यापेक्षा शांत, खोल पिवळा उतरतो. झाकण धावताना घट्ट, थांबलं की सैल, कारण फुलं आंबतात आणि आत वायू धरतो. आमच्या गाडीच्या मागच्या काचेत केशरी पाण्याच्या बरण्या ओळीने दिसायच्या. पेट्रोल पंपावर, चहाच्या टपरीवर लोक येऊन विचारायचे. बरणीने जितकी माणसं जोडली तितकी इतर कशाने नाही.

भिवापुरात मिरचीचा हंगाम चालला होता. तिथली मिरची भौगोलिक मानांकन मिळालेली. अंगणभर लाल वाळवण आणि मिरची खुडणाऱ्या बाया. त्यांच्याच एका सपरीवर आम्ही दुपारी टेकलो. मी गोधडीचा तुकडा काढून शिवायला बसले.

“का सिवून रायल्या जी बाई?”

मावशीने सांगितलं. मग त्या बाईने तुकडा हातात घेतला, उलटा करून टाके पाहिले आणि म्हणाली, “टाका मोठा झाला. धुन्यात निघंल.” तिने माझ्याच सुईने चार टाके घालून दाखवले. गहू मावेल इतका लहान टाका, आणि मागच्या बाजूलाही तेवढाच. तिच्या हाताचे ते चार टाके गोधडीत तसेच आहेत. नुसतं फिरायला आलेल्या माणसाशी गाव जेवढ्यास तेवढं बोलतं. हातात काम असलं की शेजारी येऊन बसतं, चूक दाखवतं, स्वतःचं बोचकं सोडून आपलं काम काढून दाखवतं. मी गाडीत सुई घेऊन फिरते ती मुख्यतः एवढ्यासाठी.

पवनीला वैनगंगेच्या काठी थांबलो. नदीच्या पाण्यात एक तुकडा रंगवला, आणि पुढे एका खेड्यात बोरिंगच्या पाण्यात दुसरा. कापड एकाच थानाचं, फुलं एकाच पिशवीतली, तुरटी तीच. नदीच्या पाण्यातला तुकडा हळदीसारखा पिवळा निघाला आणि बोरिंगच्या पाण्यातला चक्क मेंदीच्या रंगाचा. त्या बोरिंगच्या चबुतऱ्यावर तांबडे डाग होते, तिथेच कारण कळलं. पाण्यात लोह. लोह आलं की पळसाचा पिवळा हिरवट, काळसर होतो, आणि आधी लावलेला हिरडाही लोहाने करडा पडतो. रंगारी लोक शुद्ध रंगासाठी पावसाचं पाणी जपतात ते याचसाठी. मला मात्र हे फार मोलाचं वाटलं. त्यानंतर प्रत्येक गावात एक वीतभर तुकडा त्या गावच्या पाण्यात रंगवायचा असं ठरवलं, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने गावाचं नाव. वर्धेहून आणलेल्या एकाच पांढऱ्या कापडाचे किती पिवळे झाले! काही लिंबासारखे, काही मातकट, काही शेवाळी. घरी बसून कुरियरने रंग मागवून गोधडी छान झाली असती, पण तिच्यात ही पाणी आली नसती.

मुलांना दाखवायला लोखंडाचं पाणी होतंच. हिरड्यात भिजवलेला फिकट तुकडा त्यात बुडवला की डोळ्यांसमोर काळा होतो. एका शाळेच्या कुंपणाशी आम्ही हे केलं तेव्हा गुरुजींनी स्वतः मुलांना बाहेर आणलं आणि हिरडा कुठे होतो, कोणाच्या रानात झाड आहे, ते मुलांकडूनच वदवून घेतलं.

आता कोसा. खरं सांगायचं तर सगळी वाट मी कोशासाठीच धरली होती. नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी ही झाडीपट्टी, धानाच्या बांध्या आणि बोड्यांचा, म्हणजे लहान तळ्यांचा, मुलूख, आणि त्याच्या भोवतीच्या ऐन-अर्जुनाच्या रानात टसरची अळी वाढते. तुतीच्या रेशमासारखी ही घरात टोपल्यांवर वाढत नाही. अंड्यांतून निघालेल्या अळ्या झाडावर सोडतात आणि पुढचा महिनाभर राखणदार झाडाखाली. पाखरं, मुंग्या, वानरं सगळ्यांपासून राखायचं. विदर्भात हे काम पिढ्यान्‌पिढ्या ढिवर समाजाने केलं आहे. मासेमारी करणारी हीच माणसं रानात कोसा राखतात. एका घरी गेलो तेव्हा अर्थात झाडावर अळी नव्हती. तिचा काळ पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत. घरात आढ्याला कोशांच्या माळा टांगलेल्या होत्या. हे बियाणं. आत कोशातली अळी झोपेत असते आणि मृगाच्या पावसाची हवा लागली की पाखरू बाहेर पडतं, मग नर-मादीची जोडी, मग अंडी. घरातली म्हातारी म्हणाली, “हात नोका लावू जी, निजल्या हायेत.” आम्ही लांबूनच पाहिलं. माळेखालून जाताना सुद्धा घरातली माणसं वाकून जात होती.

धाग्यासाठीचे कोश वेगळे. ते सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ करतात, मग चारपाच कोशांची टोकं एकत्र करून धागा ओढतात. पूर्वी हे उघड्या मांडीवर पीळ देऊन व्हायचं आणि बायकांच्या मांडीची कातडी सोलून निघायची. आता पायाने किंवा सौर विजेवर चालणारी यंत्रं आली आहेत, आणि ज्यांच्या आईच्या मांड्यांवर वळ पाहिलेत त्या बाया या यंत्राबद्दल ज्या जिव्हाळ्याने बोलतात ते ऐकण्यासारखं आहे. “माह्या मायची मांडी पाहून मी सायपाक करत नव्हती त्या रोजी,” एकीने सांगितलं. कोसा सुंदर आहे म्हणताना हे माहीत असलं पाहिजे असं मला वाटतं. कोसा महाग का, याचंही उत्तर यातच आहे. आम्ही कुठेच भाव केला नाही.

मागावर करवतकाठी साडी पाहिली. अंग कोशाचं, मूळच्या मधाच्या रंगाचं. काठ सुताचा, गडद लाल किंवा काळा. आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे करवतीच्या दात्यांसारखे उभे त्रिकोण. हे दाते छापलेले नसतात. आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात, मधल्या अंगाला एक आणि दोन्ही काठांना एकेक, आणि प्रत्येक ओळीत काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवतात. ओळीगणिक एकेक पाऊल पुढे, मग एकेक पाऊल मागे, म्हणून त्रिकोण. विणकर दादांनी मोजणी तोंडाने चालू ठेवली होती आणि आमच्याशी बोलणंही. या साड्यांनाही भौगोलिक मानांकन आहे, पण खरी करवतकाठी ओळखायची असेल तर मानांकनाची चिठ्ठी बघण्याआधी साडी उलटी करावी: दात्यांच्या कडेला दोन्ही रंगांचे धागे एकमेकांत गुंतलेले दिसले पाहिजेत. साडी घेण्याइतके पैसे माझ्याजवळ नव्हते. मी मागावरच्या उरलेल्या कोसा कापडाचे तुकडे आणि ताण्याच्या शेवटी कापून टाकलेल्या दोऱ्यांचा एक गुंता घेतला. त्याच दोऱ्यांनी गोधडीचे पुढचे सगळे टाके घातले.

पाखरू बाहेर पडून गेलेले फुटके कोशही मागून घेतले. त्यांचा अखंड धागा निघत नाही, म्हणून ते कताईला जातात किंवा स्वस्तात मिळतात. त्यांची मी बटनं केली. कोश कोमट पाण्यात तासभर ठेवायचा, कात्रीने उभा उघडायचा, ओला असतानाच जाड पुस्तकाखाली दाबून वाळवायचा. मग पाच रुपयांच्या नाण्याएवढे गोल कापायचे, दोन-दोन गोल पाठीला पाठ लावून कडेने काजटाका घालायचा. कोशाचं कवच चामड्यासारखं चिवट असतं. कात्रीला धार हवी, नाहीतर अंगठा दुखतो. दाबायला मी गाडीतलं जुनं नकाशापुस्तक आणि त्यावर जॅक ठेवला. आरमोरीहून गडचिरोलीपर्यंत बटनं दाबली गेली. गडचिरोलीपासून मूलपर्यंतच्या रस्त्यात ती शिवून झाली. गोधडीचे थर एकमेकांना धरून ठेवायला प्रत्येक चौकोनाच्या मध्यात एक बटन येतं.

मूलच्या अलीकडे रस्त्याला लागून एक बुरडाचं घर होतं. बाहेर सुपं आणि दुरड्या. मला शिवताना कापड ताणून धरायला गोल कडं हवं होतं, बाजारातलं प्लास्टिकचं मोडलं होतं. मी त्या ताईंना नुसतं बोटाने गोल काढून दाखवलं. त्यांनी ओल्या बांबूची, पेरं लांब असलेली एक कांडी निवडली, कोयत्याने चिरली, पाठीची हिरवी पट्टी वेगळी केली, पोटाकडचा पांढरा भाग तासून टाकला, आणि गुडघ्यावर वाकवत वाकवत कमचीचं कडं केलं. एक आतलं, एक बाहेरचं, एकात एक घट्ट बसणारं. मी करून पाहिलं तर कमची गाठीपाशी मोडायची. “गाठीवर वाकवा नोका. गाठ भाईर ठेवा, पेरावर वाकवा,” त्यांनी माझा हात धरून दाखवलं. मग कडं झालं. त्यांच्या वेळेचे पैसे आम्ही वस्तूंच्या पैशांपेक्षा वेगळे दिले, आणि जो कोणी असं शिकायला जाईल त्याने द्यावेत असं मी आग्रहाने सांगते. शिकवताना त्यांची दोन सुपं करायची राहिली होती.

ओला बांबू मिळणं हीच बुरडांची मोठी अडचण. वाळला बांबू तडकतो, कमची निघत नाही. २०१७ मध्ये कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला, म्हणजे शेतातला बांबू तोडायला, न्यायला मोकळीक झाली. पण बांधावर बांबू लावायला स्वतःचा बांध हवा. गडचिरोली-धानोरा वाटेवरच्या मेंढा-लेखा गावाने सामूहिक वनहक्क मिळवून २०११ पासून आपल्या रानातला बांबू स्वतः विकायला सुरुवात केली, ती गोष्ट या ताईंनी ऐकलेली होती. त्यांच्या गावात तसं झालं तर काय काय करता येईल, याचा हिशोब त्या बोटांवर करून दाखवत होत्या. पुढे चिचपल्लीला बांबूचं प्रशिक्षण केंद्र लागतं. त्यांची मुलगी तिथे शिकायला जायचं म्हणत होती.

चंद्रपूरला गरम झालं, रंगाचं काम थांबवलं. भद्रावतीला ग्रामोदय संघाच्या कुंभारकामाच्या केंद्रात मातीची भांडी पाहिली, मावशीने दोन बरण्या घेतल्या. वरोड्याला आनंदवनात हातमागाचं कापड घेतलं. बाबा आमटे आणि साधनाताईंनी उभ्या केलेल्या या जागेत कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी विणलेलं ते कापड, धुतलं तरी न आक्रसणारं, दाट विणीचं. गोधडीच्या कडेला तेच लावलं.

कडेची रचना करवतकाठीवरून घेतली. आनंदवनच्या कापडाचे चौकोन तिरपे दुमडून त्रिकोण केले आणि भोवताली ओळीने लावले, टोकं आतल्या बाजूला. आपल्याकडे जुन्या गोधड्यांना असे त्रिकोण असतातच. मी फक्त त्यांची उंची विणकर दादांच्या मोजणीप्रमाणे, एक लहान, एक मोठा, अशी ठेवली. जाम चौरस्त्यावर चहाला थांबलो तेव्हा दोन बाजू झाल्या होत्या. बाकीच्या घरी.

ज्यांना ही वाट धरायची असेल त्यांच्यासाठी एवढं: होळीच्या आधीचे दिवस पळसाला चांगले, पण झाडावरची टसरची अळी पाहायची असेल तर पावसाळ्यानंतर जा आणि राखणदाराला विचारल्याशिवाय झाडाखाली जाऊ नका. माणसांचे फोटो विचारून. पळसाचा पिवळा उन्हात उतरत जातो, म्हणून गोधडी रिठ्याच्या पाण्यात धुवून सावलीतच वाळवायची. रंगवलेलं पाणी नदीत, बोडीत ओतू नका. तुरटीचं पाणी मातीत जिरवा.

पावसाळ्यात सागाला कोवळी पानं येतील. ती तळहातावर चोळली की हात लाल होतो, झाडीतलं प्रत्येक मूल हे करतं. तो लाल कापडावर धरतो का, हे याच वाटेवर आषाढात बघायचं आहे. मावशीने खादीचे तुकडे हिरड्यात भिजवून, वाळवून, डब्यात भरून ठेवले आहेत.